दोन कर्णे आणि हरणी

३० डिसेंबर १९५४, गुरुवार

आजपासून ही वही केंद्राच्या कामासाठी. मोठ्या संस्थांची दफ्तरं असतात, आपलंही असावं. पुढेमागे कुणी विचारलं की नारायणगावात हे सगळं सुरू कसं झालं, तर लेखी पुरावा हवा.

यंत्र परवा पुण्याहून एस.टी.च्या टपावरून उतरलं. एक अँप्लिफायर, एक माईक, चावीचा फोनो, सतरा तबकड्या, मोटारीची बॅटरी आणि दोन कर्णे. कर्णे एवढे मोठे की एकात आमची मनी मांजर जाऊन झोपली. पेठेत सत्तारचं सायकलदुकान आहे, त्याच्या माळ्यावर सगळं मांडलं. बॅटरी भरून देणं आणि वायरी जोडणं सत्तारकडे. एक कर्णा बाजाराकडे तोंड करून लावला, दुसरा आमच्या वारुळवाडीकडे. म्हणजे बाजाराला येणारा माणूस घरून निघाल्यापासून माझ्या आवाजात राहील.

मुंबईत सहा वर्षं मी सभांना कर्णे लावणाऱ्या कंपनीत होतो. काम वायरी धरण्याचं होतं, पण मोठमोठ्यांची भाषणं व्यासपीठाखालून ऐकली आहेत. बोलावं कसं हे मला त्यातूनच समजलं.

पाटी रंगवून घेतली: 'रखमाजी ध्वनिक्षेपण केंद्र, नारायणगाव.' सत्तारचं म्हणणं होतं की नुसतं 'नारायणगाव केंद्र' ठेवा. पण गावाचं नाव काय, कुणीही लावतं. परवाना तीन महिन्यांचा मिळाला. अटी सहा आहेत. त्यातली चौथी मला फार आवडली: 'प्रत्येक निवेदनापूर्वी परवानाधारकाचे नाव स्पष्ट उच्चारावे.' कचेरीत जाणती माणसं बसलेली आहेत.

घरी थोडी कुरबुर आहे. यंत्रासाठी हरणी द्यावी लागली. हरणी म्हणजे आमची म्हैस. पिंपळवंडीच्या भिमाजीने नेली. कुटुंब तेव्हा माहेरी ओझरला गेलं होतं, आल्यावर सांगू म्हटलं. आल्यावर त्याने आधी गोठाच पाहिला. तेव्हापासून आज अकरा दिवस कुटुंब माझ्याशी बोललेलं नाही. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे जे सांगायचं ते मनीला सांगतं. "मने, सांग त्यास्नी, भाकरी झाली." व्यवहार कुठे अडत नाही. अठरा वर्षांच्या संसारात असे अबोले होतच असतात. आठवडाभरात निवळेल.

१ जानेवारी १९५५, शनिवार

आज बाजारचा दिवस. केंद्राचं उद्घाटन झालं. कार्यक्रमपत्रिका अशी होती: सकाळी आठला मंगल ध्वनी (तबकडी). सव्वाआठला परवानाधारकाचे दोन शब्द. नऊ वाजता 'यंत्रयुग व आपला तालुका', व्याख्यान, रखमाजी. साडेनऊला बाजारभाव. पावणेदहाला जाहिराती. दहाला व्याख्यानाचा उत्तरार्ध.

मी "श्रोतेहो!" म्हणताच कांद्याच्या गाडीचे बैल बिथरले आणि गाडीसकट वारुळवाडीच्या रस्त्याने पळत सुटले. दुसरा कर्णा तिकडेच असल्यामुळे तिथे त्यांना मी पुन्हा भेटलो. ते परत आले.

बाजार थक्क होऊन ऐकत होता. सत्तार म्हणाला, बरेच लोक दुकानात येऊन हे यंत्र बंद कसं करतात ते विचारून गेले. लोकांना जिज्ञासा आहे.

गेणूशेठ तंबाखूवाले आणि माळ्याखाली बांगड्यांचं दुकान मांडणारी गुलशनबी, अशा दोन जाहिराती मिळाल्या. कुटुंबाला मनीमार्फत विचारलं, आवाज घरापर्यंत आला का. कुटुंब मनीला म्हणालं, "आला म्हनावं. दोन घरं सोडून बाळंतीण हाय, तिच्याबी कानात गेला."

८ जानेवारी, शनिवार

व्याख्यानाचा उत्तरार्ध गेल्या वेळी राहिला होता, तो आज घेतला. चार तास बोललो. साडेबाराला 'भारताचा भावी शेतकरी' या वाक्यावर घशातून कोंबडीचा आवाज निघाला आणि पुढे काहीच निघालं नाही. खाली टाळ्या पडल्या. भाषण मधेच तुटूनही दाद मिळाली, हे विशेष.

९ जानेवारी, रविवार

जुन्नरला वैद्यबुवांकडे जाऊन आलो. एकवीस दिवस मौन. एक शब्दही काढायचा नाही. औषध म्हणून रोज दोन वेळा हळद घालून गरम दूध, म्हशीचं असल्यास उत्तम.

घरी आल्यावर हे सगळं पाटीवर लिहून कुटुंबाला दाखवलं. कुटुंबाची चौथी झालेली आहे, वाचायला चांगलं येतं. त्याने दोनदा वाचलं आणि मनीकडे वळून म्हणालं, "मने, वैद्यबुवास्नी कळवा, म्हस पिंपळवंडीला गेली." मग मला कोरा चहा दिला. मनीही आजकाल वाटी हुंगून परत जाते.

आता घराची अवस्था अशी आहे की मला बोलता येत नाही आणि कुटुंब बोलत नाही. शेजारी चौकशीला आले होते, कुणी गेलं का म्हणून.

१३ जानेवारी, गुरुवार

परवा बाजार. निवेदक नाही. सत्तारला बसवून पाहिलं. त्याला "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" एवढंच येतं. जाहिरातीचा कागद पुढे ठेवला की घाम फुटतो. "रखमाजीभाऊ, मला पंक्चर सांगा, इंजिन खोलायला सांगा, पर हे नगा सांगू," म्हणाला.

गेणूशेठने निरोप पाठवला, शनिवारी जाहिरात वाजली नाही तर संबंध संपला. दोन बाजार चुकले तर केंद्र बंदच करावं लागेल. मग यंत्र विकायचं, आणि नारायणगावात ते घेणार कोण?

गुलशनबी म्हणाली, "भाऊ, घरात एवढी बोलणारी असताना बाहेर कशाला हुडकता? लग्नामुंजीत कुशाचं तोंड कुणी धरलंय का? तिला बसवा की."

मला हसू आलं, पण हसायलाही मनाई आहे. गुलशनबी स्वतः वारुळवाडीला जाऊन कुटुंबाला विचारून आली. उत्तर मी दाराआडून ऐकलं. "म्हस गेली ती गेली. आता हेबी बंद पडलं तर ती फुकटच गेली म्हनायची. बसते."

केंद्राविषयी कुटुंबाला इतकी कळकळ आहे हे पाहून बरं वाटलं.

१५ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

आठ वाजता कुटुंब माळ्यावर चढलं, पदर सारखा केला आणि माईककडे पाठ करून बसलं. सत्तारने खुर्ची फिरवली. मी सगळं लिहून दिलं होतं. पहिली ओळ, 'रखमाजी ध्वनिक्षेपण केंद्र, नारायणगाव.' माईक सुरू झाला. कुटुंबाने कागद पाहिला, तोंड उघडलं आणि मिटलं.

मी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. कुटुंबाने मान हलवली. मी पुन्हा बोट ठेवलं. दोन्ही कर्णे नुसते खरखरत होते. खाली कचेरीने अटी पाळतात का ते बघायला पाठवलेला जानकू जमादार सायकलवरून एक पाय टेकून, परवान्याची नक्कल हातात घेऊन उभा होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अठरा वर्षांत कुटुंबाने माझं नाव घेतलेलं नाही. कोणती बाई नवऱ्याचं घेते? लग्नात, नाहीतर हळदीकुंकवाला बायकांनी दार अडवलं तर, तेही उखाण्यात. आणि मी तर तेच नाव केंद्राला देऊन, पाटीवर रंगवून, वर कचेरीकडून प्रत्येक निवेदनाआधी सक्तीचं करून घेतलं होतं.

जमादार वर बघून ओरडला, "नाव होऊ द्या बाई! चौथी अट हाय!"

त्यावर गुलशनबी खालून ओरडली, "अगं कुशा, उखाण्यात घे की! कालच संक्रांत झाली!"

कुटुंबाने डोळे मिटले आणि एका दमात म्हणालं,

"माळ्यावर चढले, खाली दिसतो बाजार,
रखमाजीरावांचं नाव घेते, घसा त्यांचा बेजार."

बाजारात एकदम हशा उसळला. मेथीवाल्या बायका उभ्या राहून वर बघायला लागल्या. कुटुंब कानापर्यंत लाल झालं होतं, पण लगेच गेणूशेठची तंबाखू वाचून मोकळं झालं. पुढे बाजारभाव. पुन्हा नाव. पुन्हा उखाणा. तोच उखाणा दोनदा घेतला तर बायका हसतात म्हणे, म्हणून प्रत्येक वेळी नवा. तबकडी लावायच्या आधी हा झाला:

"चुलीवरचा चहा काळा, घरात न्हाई दूध,
कर्णा घेतला तवा रखमाजीरावांस्नी नव्हती शुद्ध."

या उखाण्याला बाजार इतका हसला की तबकडीचं गाणं कुणी ऐकलंच नाही. एकूण एकोणीस उखाणे. जमादाराने एकोणीस खुणा करून खाली सही केली. गेणूशेठने पुढच्या शनिवारची जाहिरात लगेच लिहून दिली. केंद्र वाचलं.

जाताना सत्तार म्हणाला, "भाऊ, वहिनी तुमच्याशीच बोलत व्हत्या." मी पाटीवर लिहिलं, 'श्रोत्यांशी.'

२२ जानेवारी, शनिवार

गर्दी मोजता येईना. हळदीकुंकवाचे दिवस असल्याने बायकांना उखाण्यांची गोडी आहे, आणि माझ्या मांडणीचाही त्यात वाटा आहेच. टोपल्या उतरवून त्या माळ्याखाली बसतात. नाव घेतल्यावर "वा गं बाई" म्हणतात, मग जाहिरात ऐकतात. गुलशनबीच्या जाहिरातीचा उखाणा हा:

"हिरवा चुडा भरा बायांनो, गुलशनबीच्या दारी,
न इचारता म्हस इकली, रखमाजीरावांची बातच न्यारी."

गुलशनबीच्या बांगड्या दुपारपर्यंत संपल्या.

दर्जाविषयी मात्र मला थोडी काळजी आहे. म्हशीचा उल्लेख वरचेवर होतो. शेतकरी श्रोत्यांना तो विषय जवळचा वाटत असेल, पण केंद्राची पायरी सांभाळायला हवी. म्हणून मी काही उखाणे स्वतः रचून दिले. उदाहरणार्थ:

"सुवर्णपात्री शोभे केशरमिश्रित क्षीर,
रखमाजीरावांचे नाम घेण्या वाणी माझी अधीर."

कुटुंबाने वाचलं आणि मनीला विचारलं, "मने, क्षीर म्हंजी दूधच ना? ते कुठनं आनायचं, इचार त्यास्नी." माझा एकही उखाणा वापरला नाही. उलट दुपारी हा घेतला:

"गोठ्यात मोकळा खुटा, खुट्याला लोंबतं दावं,
रखमाजीरावांचं नाव घेते, हरणीनं कुठं जावं?"

बाजारातले पुरुष माझ्याकडे बघून माना हलवत होते. ओळख वाढते आहे.

२८ जानेवारी, शुक्रवार

ओझरला माघी चतुर्थीची यात्रा झाली. तिथे गुलशनबीने दुकान लावलं होतं. ती सांगते, दर्शनाच्या रांगेतल्या बायका तिला विचारत होत्या, "नारायणगावची नाव घेणारी तुमच्याच दुकानावर बसती न्हवं? तिची म्हस आली का वं परत?" एका म्हातारीने गणपतीला हरणीसाठी दूर्वा वाहिल्या.

लोकांना म्हशीत इतका रस असेल असं वाटलं नव्हतं. परवा मौन संपतं. पुढच्या बाजाराला व्याख्यानमाला पुन्हा सुरू करीन. विषय, 'दुग्धव्यवसाय: काल, आज, उद्या.' श्रोत्यांची आवड ओळखून.

२९ जानेवारी, शनिवार

कुटुंबाचा केंद्रावरचा शेवटचा दिवस. सकाळपासून सगळं झकास चाललं होतं. शेवटचा उखाणा असा होता:

"पिंपळवंडीच्या वाटेला बाभळीची सावली,
रखमाजीरावांच्या यंत्रापायी गेली माझी माउली."

यावर कुणी हसलं नाही. उत्तरार्धात आवाज कापत होता, शेवटचा शब्द तर नीट आलाच नाही. बॅटरी उतरली असणार. मी सत्तारला पाटीवर लिहून दाखवलं, 'चार्जिंग नीट करत जा.' सत्तारने बॅटरीच्या तारा चाचपल्या. मग म्हणाला, "बॅटरी फुल हाय, भाऊ."

५ फेब्रुवारी, शनिवार

घसा मोकळा झाला. कुटुंबाचे मनीमार्फत आभार मानले आणि आता घरी विश्रांती घ्या असा निरोप दिला. कुटुंबाने ऐकून घेतलं.

आठला मी माईकवर बसलो. "रखमाजी ध्वनिक्षेपण केंद्र, नारायणगाव. श्रोतेहो, सुप्रभात!" खाली बसलेल्या बायकांनी वर पाहिलं, आणि एकीने दुसरीला विचारलं, "यंतर बिघडलं काय गं?" मी व्याख्यान सुरू केलं. 'काल' संपेपर्यंत माळ्याखाली एक कुत्रं आणि जानकू जमादार राहिले. 'आज' संपताना कुत्रं गेलं.

गेणूशेठने जाहिरात काढून घेतली. "तंबाखू माझी हाय, मळायला तुमचं भाषन कशाला," म्हणाला. जमादारसुद्धा नाराज होता. "परवान्याप्रमाणं नाव घेतलंत, मान्य. पर नाव घेतल्यासारखं वाटलं नाय राव."

लोकांना गंभीर कार्यक्रमांची सवय व्हायला वेळ लागेल.

८ फेब्रुवारी, मंगळवार

हे केंद्राच्या वहीत लिहायचं नाही, पण दुसरी वही नाही.

शनिवारपासून कुटुंब मनीलाही काही सांगत नाही. भाकरी वाढून ठेवतं आणि जातं. आज मी मुद्दाम ओट्यावर बसून राहिलो, "मने, सांग त्यास्नी" असं कधी येतं म्हणून. आलं नाही. मनी माझ्याकडे बघत होती आणि मी मनीकडे.

मग बसल्या बसल्या त्या तीन बाजारांतले उखाणे आठवले. दूध नाही, दावं लोंबतंय, हरणीनं कुठं जावं. अठ्ठावन्न उखाणे झाले, जमादाराच्या खुणा आहेत. ओझरच्या म्हातारीला कळलं. मी शेजारी बसून बाजारभाव लिहीत होतो. सत्तार पहिल्याच दिवशी सांगत होता, वहिनी तुमच्याशीच बोलतात म्हणून. मी त्याला पाटीवर उत्तर लिहून दाखवलं. पाटी अजून भिंतीला टेकून आहे.

बॅटरी भरलेली होती.

मला फार वाईट वाटतंय. तो आवाज घरात हवा आहे, म्हशीवरून शिव्या दिल्या तरी चालतील.

१० फेब्रुवारी, गुरुवार

पिंपळवंडीला चालत गेलो. भिमाजी गोठ्यातच भेटला. हरणीने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. तिनेही.

"या पावणं," भिमाजी म्हणाला. "तुमची वाटच बघत व्हतो. आमची अंजना बाजारला येती, तुमच्या मंडळींचं सगळं ऐकती, आन् घरी येऊन माझं डोकं खाती. म्हनती, दुसरीच्या डोळ्यातल्या पान्याचं दूध मी पोरांस्नी पाजनार न्हाई. आन् तुमची म्हस तरी काय, लाथ मारती, पान्हा म्हनून सोडत न्हाई."

"मग द्या परत," मी म्हणालो.

"देतो की. पर माझं लई दिसांचं एक हाय. थोरलीचं लगीन काढलंय. अंजनाची इच्छा हाय, मांडवाला कर्णा पायजे. एक कर्णा द्या, म्हस न्या."

मी त्याला समजावलं, यंत्राशिवाय नुसता कर्णा वाजत नाही.

"नको वाजू दे. मांडवाच्या तोंडाला टांगायचा. व्याह्यांस्नी दिसला म्हंजी झालं. वाजवायला वाजंत्री हायेत की."

केंद्राची निम्मी ताकद जाईल. कार्यक्रमांचा क्षेत्रविस्तार निम्मा होईल. हे सगळं मी भिमाजीला सांगितलं. तो हरणीचं दावं सोडत होता.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी एक कर्णा काढला. गेणूशेठ खाली येऊन उभा राहिला. "वारुळवाडीचा काढा, बाजाराचा ऱ्हाऊ द्या. परत जाहिरात देतो," म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. कोणताही शहाणा माणूस तेच करील. मी बाजाराचा काढला. गेणूशेठ काय म्हणाला ते इथे लिहीत नाही, पुढेमागे दफ्तर कुणी वाचेल.

कर्णा डोक्यावर घेऊन पिंपळवंडी गाठली आणि हरणीला घेऊन दुपारी घरी आलो. कुटुंब गोवऱ्या थापत होतं. हातही धुतले नाहीत, तसंच येऊन हरणीच्या गळ्यात पडलं. मग तासभर बोललं. तिकडं काय खायला घालत होते, शिंगं कुणी घासली का, रात्री कुणाजवळ बांधत होते. हरणी मान हलवत होती. मी गोठ्याच्या दारात उभा होतो. म्हटलं, आता आपली पाळी.

कुटुंब माझ्या शेजारून आत गेलं. थोड्या वेळाने हळद घातलेलं गरम दूध आणून मनीसमोर ठेवलं. "मने, हे त्यास्नी दे. घशाला."

मनीने अर्धं प्यायलं. उरलेलं मी.

१२ फेब्रुवारी, शनिवार

बाजार असून केंद्र बंद ठेवलं. सत्तारच्या दुकानात बसून होतो. सत्तारला म्हटलं, हरणी परत आणली तरी घरचा अबोला सुटत नाही, हा काय न्याय झाला?

सत्तार चाक फिरवत म्हणाला, "हरणीचा राग नव्हताच तुमच्यावर, भाऊ. तो वहिनींचा व्हता."

गुलशनबी बांगड्या मांडता मांडता ऐकत होती. म्हणाली, "म्हस न विचारता नेलीत, न विचारता आणलीत. त्यात तिला विचारलं कुठं कुणी? भर बाजारात माझ्या कुशानं तुमचं नाव घेतलं, ते पण एकदा नाही, तीन बाजार. घरी येऊन तोंड झाकून बसायची. तुम्ही तिचं कधी घेतलं?"

"पुरुषाला कुठे असतं ते?" मी म्हणालो.

"तिला तरी कुठं होतं, तुमचा परवाना येईपर्यंत?"

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. हरणीचं नाव पानोपानी आहे. मनीचं आहे. गेणूशेठचं आहे, जमादाराचं आहे. कुटुंबाचं दुसऱ्यांच्या तोंडून आलंय तेवढंच, माझ्या हातून एकदाही नाही. अठरा वर्षं 'अगं ए' आणि 'ऐकलंस का' यावर निभावलं.

आत्ता लिहून बघावं म्हटलं. टाक दौतीत तीनदा बुडवला. लाज वाटते. घरात दुसरं कुणी नाही, तरी वाटते.

१९ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर उखाणे रचत होतो. 'रजतपात्री' पासून सुरू होणारे चार झाले. चारही चुलीत घातले.

आठला माळ्यावर चढलो. एकच कर्णा, त्याचंही तोंड वारुळवाडीकडे. बाजाराला त्याची पाठ. तरी बायका गोळा झाल्या, कारण गुलशनबीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जमादार नक्कल घेऊन हजर. सत्तारने माईक सुरू केला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कर्णा खरखरायला लागला. आजवर आठ तास व्याख्यान दिलेला माणूस मी, आणि एका नावाला अडलो. कान गरम झाले. त्या दिवशी मी कागदावर बोट ठेवून दाखवत होतो ते आठवलं.

"घ्या की वं नाव!" गुलशनबी खालून ओरडली. मग सगळ्या बायका ओरडल्या, "घ्या, घ्या!" जमादार म्हणाला, "आज अट नाय राव, पर घ्या."

मी डोळे मिटले.

"दोन होते कर्णे, एक गेला हरणीपाठी,
कुशाचं नाव घेतो, दुसरा ठेवला तिच्यासाठी."

खाली काय झालं ते मला ऐकू आलं नाही. सत्तारने पाठीवर थाप मारली तेव्हा डोळे उघडले. पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. म्हणून पुन्हा तोच घेतला. एकच उखाणा दोनदा घेतला म्हणून बायका हसल्या. मी तिसऱ्यांदा घेतला. चौथ्यांदाही. तबकडी लावायचं भान नव्हतं. वारुळवाडीच्या रस्त्याला माणसं थांबून कर्ण्याकडे बघत होती म्हणे.

सातवा की आठवा चालू असताना जिन्यावर पावलं वाजली. सत्तार बाजूला झाला. ती दारात उभी होती. धावत आलेली, पदर खांद्यावर, हाताला शेण तसंच. माझ्याकडे पाहिलं. मनी तर घरी होती, निरोप द्यायला मधे कुणीच नव्हतं.

"सरका तिकडं," ती म्हणाली. "म्हशीचं नाव घेता येतं, माझं यायला अठरा वर्षं लागली. आता पुरे. घसा बसंल परत."

माईक चालूच होता. ते सगळं वारुळवाडीपर्यंत गेलं.

मी सरकलो. ती खुर्चीवर बसली, हात पदराला पुसला, आणि गुलशनबीच्या बांगड्यांचा कागद समोर ओढला. मग परवान्याच्या चौथ्या अटीप्रमाणे माझं नाव घेतलं. उखाणा कोणता होता ते इथे लिहीत नाही. तो मला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर मनीसमोर दुधाची वाटी होती, तिची तिला. मला दूध वेगळं मिळालं, कुशाच्या हातून.